तिसरं काज

४ जानेवारी

ती. आक्का,

साष्टांग नमस्कार. आठही अंगं जमिनीला टेकवायची तर आधी कोट काढून ठेवावा लागतो, आणि आजची फिर्याद त्या कोटाचीच आहे.

पार्सल मिळालं. बाही मनगटाच्या हाडापाशी बरोब्बर थांबते. खांद्यांना माझ्यात नसलेला रुबाब आला आहे. परंतु. आपले अण्णा पाठ घेताना म्हणायचे की न्यायशास्त्राचा खरा प्रारंभ ‘परंतु’पासून होतो. तर परंतु, वरून तिसरं काज बाकीच्या चौघांच्या रेषेत नाही. दोन मिलिमीटर सरकलं आहे. आधी पट्टीने मोजलं, मग शंका उरायला नको म्हणून ऑपरेशन थिएटरमधला कॅलिपर लावून मोजलं. टाकेही तिथे रांग मोडून गर्दी करून उभे आहेत. तीस वर्षं तू माझे कोट शिवते आहेस. आपल्या घराण्याच्या इतिहासात हा प्रसंग अभूतपूर्व आहे. बटण लावलं की माझं पोट एका अंगाला कलल्यासारखं दिसतं, आणि वॉर्डातल्या नर्सबाई त्याचा दोष काजाला न देता पोटाला देतात.

लेखी खुलासा व्हावा. फोन नको. फोनवर आपण भांडतो. पत्रात निदान एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देतो.

तुझा धाकटा आणि तूर्त वाकडा
शास्त्रीबुवा


११ जानेवारी

चि. शास्त्रीबुवास अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे पोटाला.

फिर्याद मान्य. दोन नव्हे, अडीच मिलिमीटर आहे, कारण मीही मोजलं होतं. ते काज मी तीनदा उसवलं. चौथ्यांदा उसवलं असतं तर कापडच फाटलं असतं. तुझे भाऊजी इस्त्री तापवून शेजारी उभे होते आणि त्यांनी पहिल्यांदाच मला काही ऐकवलं नाही, त्यावरून काय ते समज.

कारण सांगते, पण डॉक्टरासारखा वाचू नकोस. उजव्या हाताला, कोपराच्या जरा खाली, मधोमध एक गाठ आहे. पाच वर्षांपूर्वी शर्टाच्या बटणाएवढी होती, आता कोटाच्या बटणाएवढी आहे. टेबलाची कड लागली की अंगठा आणि पुढची दोन बोटं झिणझिणतात. तुझं तिसरं काज चाललं होतं तेव्हा सुई बोटांत होती आणि मला ती तिथे आहे हे बघून कळलं. एवढंच.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दाबून पाहिली. चरबीची गाठ आहे म्हणाले, वीस मिनिटांचं काम, तिथल्या तिथे बधिर करून काढून टाकतील. येत्या शुक्रवारी सकाळी जाते, दुपारी दुकान उघडते. तू लोकांच्या हातांच्या नसा जोडत बसतोस, त्यात माझी चरबी कशाला, म्हणून कळवलं नव्हतं.

कोट परत पाठव, काज दुरुस्त करते.

आक्का


१४ जानेवारी
(कुरियरने)

आक्का,

शुक्रवार रद्द कर. हे पहिलं वाक्य पुन्हा वाच आणि मग पुढे जा.

ती चरबी असेल तर मी तुझी आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची हात जोडून माफी मागेन. पण चरबीची गाठ बोटांना झिणझिण्या आणत नाही. मज्जातंतू म्हणजे एकच दोरी नसते. आवरणात गुंडाळलेले बरेच बारीक धागे असतात. कधी कधी त्या आवरणाच्याच पेशी वाढून गाठ होते. ती जवळजवळ नेहमीच साधी असते, कॅन्सर नव्हे, सावकाश वाढते. तिचं नाव श्वानोमा. अण्णा असते तर म्हणाले असते की श्वान आहे तर भुंकतो का. चावत मात्र नाही. भीती गाठीची नाही, तिला चरबी समजून काढणाऱ्याची आहे. तो गाठ उचलतो आणि तिच्याबरोबर सगळी दोरी कापतो. असे चार हात माझ्याकडे आले आहेत, नंतर.

आता तीन गोष्टी कर. गाठ दोन बोटांत धरून आडवी सरकव, मग हाताच्या लांबीत वरखाली सरकव. काय होतं ते लिही. तिच्यावर पेन्सिलीने हलकेच टकटक कर. झिणझिण्या कुठवर जातात ते पाहा. आणि हाताचा नकाशा काढून त्यावर त्या जागा टिंबांनी दाखव.

कोट परत पाठवणार नाही. तो पुरावा आहे.

शास्त्रीबुवा


२० जानेवारी

चि. शास्त्रीबुवा,

शुक्रवार रद्द केला. डॉक्टर रुसले. भाऊ मोठा सर्जन आहे असं सांगितलं तर म्हणाले, मोठ्यांना साध्या गाठी दिसतच नाहीत.

गाठ आडवी सरकते, इकडून तिकडे, खिशातल्या गोटीसारखी. वरखाली सरकत नाही, हूं की चूं नाही. टकटक केली की वीज उतरते. कुठवर, ते नकाशात पाहा. कटिंगच्या खाकी कागदावर हात ठेवून रेघ मारली आहे, गाठीची जागा फुलीने आणि झिणझिण्या टिंबांनी. टिंबं बारा आहेत, प्रत्येक तीनदा ताडून पाहिलं आहे.

आता मी एक विचारते आणि त्याला संस्कृतात उत्तर देऊ नकोस. पाय गेला तरी मी मशीन हाताने चालवीन. पण काज हातानेच होतं आणि ते बोटाच्या पेराला कळावं लागतं. टाका घट्ट झाला की सैल, हे डोळ्याला नंतर दिसतं, पेराला आधी कळतं. मशीनचं काज करणारी दहा दुकानं या रस्त्यावर आहेत. बोटं राहतील का, तेवढं सांग. राहणार नसतील तर मोठी कात्री आत्ताच मशीनवरच्या दोघींपैकी थोरलीच्या हाती देते आणि मी गल्ल्यावर बसते.

आक्का


२९ जानेवारी

ती. आक्का,

तुझ्याइतका नेटका नकाशा मला माझ्या हाताखालच्या डॉक्टरांनी आजवर दिलेला नाही. टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे, येणाऱ्याजाणाऱ्यांना दाखवतो.

आता निकाल, पद्धतशीर. प्रतिज्ञा: गाठ मज्जातंतूच्या आवरणाची आहे. हेतू, म्हणजे कारण: ती आडवी सरकते, उभी नाही, कारण ती दोरीत ओवलेली आहे आणि दोरी लांबीत सरकत नसते. ठोकल्यावर वीज उतरते, हा दुसरा हेतू. आणि टिंबं पाहता हा मागच्या बाजूचा तंतू आहे. त्याचं मुख्य काम मनगट वर उचलणं. सुई धरणाऱ्या पेरांचा स्पर्श त्याच्याकडे नाही, तो दुसऱ्याच तंतूकडे असतो. समजा काढताना काही बिघडलंच, तरी मनगट उचलायला शेजारचा स्नायू वळवून जोडता येतो, आणि ते मी डोळे मिटूनही करतो (करत नाही, पण तसं म्हणायची रीत आहे).

म्हणजे बोटं राहतील. कात्री कुणाला देऊ नकोस.

फेब्रुवारीत ये, एमआरआय काढू. घाई नाही, ही गाठ तुझ्यासारखीच सावकाश आणि हट्टी आहे.

शास्त्रीबुवा


५ फेब्रुवारी

चि. शास्त्रीबुवा,

तुझं पत्र तुझ्या भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली आणि चहा केला. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, चहा त्यांनी तिसऱ्यांदा केला.

तुझ्या शब्दावर मी एक काम घेतलं. एका वाद्यवृंदाचे बावीस लांब कोट, मे महिन्याच्या कार्यक्रमासाठी. नाही म्हणणार होते, तुझं पत्र आलं म्हणून हो म्हटलं. प्रत्येकी पाच, म्हणजे एकशे दहा काजं, सगळी हाताची. ते मुद्दाम त्याचसाठी माझ्याकडे आले.

अठराला पोचते. तुझा कोट मला घालून दाखव.

आक्का


२१ फेब्रुवारी

ती. आक्का,

तू परवा माझ्यासमोर बसली होतीस तेव्हा मला जे बोलता आलं नाही, ते आता लिहितो. तुला वाटलं असेल मी एमआरआयच्या गडबडीत होतो. नव्हतो.

तू स्टुलावर बसलीस, बाही वर केलीस आणि तळहात वर करून हात टेबलावर ठेवलास. गाठ पुढच्या बाजूला होती. मी मागच्या बाजूला शोधत होतो. मग मी तुला काचेखालच्या नकाशावर हात ठेवायला सांगितलं. तू पंजा पालथा ठेवलास, बरोब्बर रेघेत, आणि मी विचारलं की मग टिंबं पंजाच्या पाठीवरची ना. तू माझ्याकडे जसं पाहिलंस तसं मी चौथीत असताना पाहायचीस, मी पाढा चुकलो की. “खुणा कापडाच्या उलट्या बाजूला करतात,” म्हणालीस. “सुलट्या बाजूला खडू कोण लावतं?”

तुझ्या दृष्टीने कागदाला टेकलेली बाजू ही खुणांची बाजू. बारा टिंबं तळहाताची होती. मी ती वरून पाहिली आणि पाठीची धरली. तू तुझ्या धंद्याच्या रीतीने अचूक काढलंस. मी माझ्या धंद्याच्या रीतीने विचारायला हवं होतं, पुढून की मागून, एवढे तीन शब्द. नकाशा इतका देखणा होता की विचारावंसं वाटलं नाही. प्रत्यक्ष समोर नसताना अनुमानावर निकाल देऊ नये, हे अण्णांनी मला नवव्या वर्षी शिकवलं होतं.

आणि तू जाताना जिन्यात जे म्हणालीस ते त्याहून लागलं. पेरंच तर झिणझिणतात असं तुझ्या मनात आलं होतं, पण शास्त्रीबुवा म्हणतो म्हणजे तसंच असेल.

आता खरं. एमआरआय आला. गाठ पावणेतीन सेंटीमीटरची, दोन्ही टोकांना दोरी आत शिरताना आणि बाहेर पडताना दिसते, कडा गुळगुळीत. साधीच आहे. पण तंतू मधला आहे, आणि अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पेरांचा स्पर्श त्याच्याकडेच आहे. मी ज्या बोटांची हमी दिली तीच पणाला लागली आहेत.

ती काढतात अशी: मायक्रोस्कोपखाली आवरण लांबीत उघडायचं, गाठीवर पसरलेले धागे एकेक करून बाजूला सारायचे. गाठ बहुधा एकाच धाग्यातून उगवलेली असते. प्रत्येक धाग्याला बारीक वीज देऊन पाहतात. हात हलला तर तो कामाचा. जो गप्प राहतो तो कापायचा आणि गाठ सालीतून बी निघावं तशी काढायची. बहुतेकांचं नीट होतं. काहींची बोटं महिनोन्महिने बधिर राहतात. थोड्यांची कायमची.

न काढता वाट पाहता येते. पण ती वाढते आहे आणि तुझ्या हातून सुई सुटते आहे. माझं मत काढावी असं आहे. ते मी करू नये असंही आहे. इथे माझी एक सहकारी आहे, तिला आम्ही घड्याळजी म्हणतो, कारण ती घड्याळ दुरुस्त करणाऱ्याइतकी स्थिर आणि तेवढीच अबोल आहे. तिला विचारलं, ती तयार आहे.

बावीस कोटांचं माझ्यामुळे झालं. त्यांना काय कळवायचं ते मी कळवतो.

शास्त्रीबुवा


२७ फेब्रुवारी

चि. शास्त्रीबुवा,

त्यांना काही कळवायचं नाही.

सासऱ्यांच्या हाताखाली मी पहिला कोट कापला तेव्हा डावी बाही दोनदा कापली, उजवी एकदाही नाही. लपवायला म्हणून तुकडा मशीनच्या पेटीत कोंबला. त्यांना सापडला. ओरडले नाहीत, आपल्या पेटीतून स्वतःचे जुने तुकडे काढून माझ्यापुढे ठेवले, चांगली टोपलीभर. मग म्हणाले, उद्यापासून गिऱ्हाइकाचं कापड तू कापायचंस. तुझं एकवीस तारखेचं पत्र वाचताना मला ती टोपली दिसली. घड्याळजीबाई चांगल्या असतील. त्यांनी त्यांचा तुकडा मला दाखवलेला नाही. तू दाखवलास. हात तूच कापायचास.

आता माझी अट. गाठ सावकाश वाढते असं तूच लिहिलं आहेस. मग ती दोन महिने थांबेल. कोट मशीनवरच्या दोघी शिवतील, पण काजं मला आत्ता करायची आहेत, बोटं माझी आहेत तोवर. दिवसाला दोन धरली तर पंचावन्न दिवस. काजं आधी पट्टीवर करून मग कोटाला पट्टी जोडता येते, म्हणजे कोटांसाठी थांबायलाही नको. एकशे दहा झाली की मी येते. त्याआधी ओढून न्यायला आलास तर इस्त्री तापलेलीच असते.

आक्का


४ मार्च

ती. आक्का,

शरणागती, पण सशर्त.

एक. अंगठा तळहातापासून उचलताना जड वाटला किंवा बोटांची संवेदना कमी झाली, तर काजं जिथे असतील तिथे सोडून यायचं आणि मला लगेच कळवायचं. दोन. घड्याळजी समोर बसेल. थांब म्हणाली की मी थांबेन, आणि गरज पडली तर ती पुढे करेल. तीन. ऑपरेशन झाल्यावर काय कळतं आणि काय कळत नाही ते मला खरंखुरं सांगायचं, गिऱ्हाइकाला सांगतात तसं नाही.

मी रोज संध्याकाळी मायक्रोस्कोपखाली तासभर बसतो. काय करतो म्हणून विचारलंस तर दहा पदरी दोरा उलगडून एकच पदर काढायचा सराव करतो. तुझाच रेशमी दोरा आहे, कोटाबरोबर जादा आला होता. नर्सबाईंना वाटतं साहेब शिवण शिकताहेत.

शास्त्रीबुवा


२३ एप्रिल

चि. शास्त्रीबुवा,

एकशे दहा झाली. शेवटचं आज सकाळी अकराला. रेषेत आहेत, कॅलिपर आण.

सव्वीसला संध्याकाळी पोचतो, दोघंही. बोटं ठीक आहेत.

आक्का

ता.क. हे मी, तुझा मेहुणा, पाकीट चिकटवण्याआधी लिहितो आहे. तिला माहीत नाही. बोटं ठीक नाहीत. शेवटची तीसेक काजं तिने भिंग लावून, प्रत्येक टाका डोळ्यांनी बघून घातली. तर्जनीच्या टोकाला सुई टोचली तर रक्त आल्यावर तिला कळतं. मी बोललो तर म्हणाली, शास्त्रीबुवाला कळवलंत तर उरलेली रात्री लपून करीन.


८ मे

चि. शास्त्रीबुवास आशीर्वाद,

हे तुझे भाऊजी लिहिताहेत, मी सांगते आहे. हात अजून झोळीत आहे. टाके निघाले, जखम छान आहे, शिवण तुझी बरी आहे, कडेला जरा ओढली आहेस. अंगठा जागा झाला. मधलं बोटही. तर्जनी अजून झोपलेली होती, पण काल तिलाही थोडं कळलं असं वाटतं. येईल हळूहळू. तू काही मनाला लावून घेऊ नकोस.

कोट गेले. कार्यक्रम छान झाला म्हणे. एकाने येऊन विचारलं, ही काजं कुणी केली.

पुढच्या हिवाळ्यात तुला नवीन कोट.

आक्का


१४ मे

ती. आक्का,

प्रयोगशाळेचा कागद आला. श्वानोमा, साधा, अखंड निघालेला. पुन्हा उगवायची शक्यता फार कमी. नक्कल सोबत आहे. ती फाइलीत ठेव, मशीनच्या पेटीत नको. ही बातमी चांगली आहे आणि ती मी पूर्ण मनाने देतो आहे.

आता बाकीचं. आवरण उघडलं तेव्हा धागे गाठीवर अगदी पातळ पसरले होते. घड्याळजीने आणि मी ते एकेक बाजूला सारले, सव्वा तास लागला. माझा हात हलला नाही. तुझ्या दोऱ्याचा सराव कामी आला. शेवटी दोन धागे उरले, गाठीत शिरणारे. एकाला वीज दिली, गप्प. तो कापला. दुसऱ्याला दिली, तोही गप्प. मी तीनदा दिली. घड्याळजीकडे पाहिलं. ती म्हणाली, “हा सोडलास तर गाठीचा तुकडा मागे राहील.” मी म्हणालो, कापतो. तिने मान डोलावली. निर्णय माझा होता.

एकवीस फेब्रुवारीच्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती. वीज दिल्यावर हात हलतो तो हालचालीच्या धाग्यांमुळे. स्पर्शाचा धागा वीज देऊनही गप्पच राहतो, कारण त्याला हलवायला काही नसतं. तू झोपेत होतीस, तुला विचारता येत नव्हतं. दुसरा धागा गाठीने आधीच मेलेला होता म्हणून गप्प होता, की तो तर्जनीचा स्पर्श होता म्हणून, हे त्या टेबलावर कळायला माझ्याकडे मार्ग नव्हता. तंतू नुसता दुखावला असेल तर तर्जनी काही महिन्यांत जागी होईल. मी कापला तो तिचाच धागा असेल तर नाही. वॉर्डात तू विचारलंस तेव्हा मी ‘येईल’ म्हणालो. खरं उत्तर ‘मला माहीत नाही’ हे होतं.

यासोबत कोट पाठवतो आहे. तिसरं काज उसव. सहा महिने थांब, मग डोळ्यांवर पट्टी बांधून पुन्हा घाल, आणि भाऊजींनी शेजारी बसून साक्षीदार म्हणून सही करायची. किती का वाकडं येईना, मी तसंच घालून फिरेन. वाकडं आलं तर घड्याळजीशी बोलून पुढे काय करता येईल ते शोधू, आणि तोवर मोठी कात्री तुझ्याच हातात राहील. कापायला तर्जनीचं पेर लागत नाही, हे मी आधी तुझ्या मशीनवरच्या थोरलीला विचारून ठेवलं आहे.

पण काज सरळ आलं तरी मला झोप लागेल असं नाही. तीस काजं तू भिंगातून घातलीस आणि बोटं ठीक आहेत म्हणून लिहिलंस. आठ तारखेच्या पत्रात तर्जनीला ‘थोडं कळलं असं वाटतं’ असं लिहिलं आहेस, आणि ते वाक्य भाऊजींच्या अक्षरात पुढच्या ओळीपेक्षा सावकाश लिहिलेलं आहे. मला भीती वाटते, आक्का, की मी तर्जनीचाच धागा कापला आहे, आणि मला वाईट वाटू नये म्हणून तू ते मला कधीच कळू देणार नाहीस.

शास्त्रीबुवा